कासवमित्राला बारा महिन्यांचं मानधन द्या

फेब्रुवारी लागला की ऑलिव्ह रिडले ह्या समुद्री कासवाच्या पिल्लांचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी, सगळे कोकणातले किनारे. ज्याच्या रात्री कासवांची घरटी राखण्यात गेल्या, तो गावातला कासवमित्र दोरीच्या कडेला "मागे सरा, मागे सरा" म्हणत उभा असतो. त्याला आपण हंगामी मजुरासारखं वागवतो, हे मला साफ चुकीचं वाटतं.

काम काय असतं ते बघा. नोव्हेंबर ते मार्च मादी रात्री किनाऱ्यावर येते. उजाडायच्या आत अख्खा किनारा चालून झाला पाहिजे, कारण कोल्ह्याकुत्र्यांना वासावरून घरटं सापडतं. माग दिसला म्हणजे अंडी असतीलच असंही नाही, कधी मादी नुसतीच फिरून परत जाते. उकरलेल्या जागी काठी हलक्या हातानं दाबत जायचं. घट्ट वाळूत ती अडते, घरट्यावर भसकन आत जाते. जरा जोर जास्त झाला की वरची अंडी फुटतात आणि मुंग्या लागतात.

घरटं सुमारे दीड फूट खोल, मडक्यासारखं, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. अंडी शंभराच्या आसपास. ती हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, हलवायची तर घातल्यापासून पहिल्या काही तासांत. नंतर गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो, आणि मग अंडं उलटलं किंवा हिसका बसला तर तो मरतो. म्हणून बादलीच्या तळाला घरट्यातलीच ओली वाळू घालायची, आणि अंड्याची वरची बाजू वरच ठेवायची. हॅचरीतला खड्डा मूळ घरट्याच्याच मापाचा, दोन खड्ड्यांत तीनेक फूट अंतर, पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. हॅचरीची जागाही दरवर्षी बदलायची, नाहीतर जुन्या वाळूतली बुरशी नव्या अंड्यांना लागते.

पुढे ४५ ते ६० दिवस. वाळू जास्त तापली तर पिल्लं आतच मरतात, म्हणून ऊन वाढलं की वर शेडनेट. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली. पिल्लं बहुधा रात्री वर येतात. टोपलीखाली तासन्‌तास वळवळत राहिली तर पोहण्यासाठी लागणारी ताकद तिथंच संपते. म्हणून रात्रीतून दोनतीनदा उठून टोपल्या बघायच्या, आणि पहाटे पुन्हा गस्त.

ह्याला सुट्टी नसते. ताप आला तरी कोणीतरी किनाऱ्यावर गेलंच पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणीतरी घरातलंच असतं, बायको नाहीतर भाऊ. मानधन हंगामापुरतं. हंगामाचा शेवट येतो तो नेमका आंब्याच्या तोडणीत, म्हणजे कोकणात हातात चार पैसे पडायच्या दिवसांत. अंडी चोरणारा पुष्कळदा गावातलाच असतो. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे तक्रार केली की प्रकरण गंभीर. गणपतीत त्याच माणसाबरोबर आरतीला उभं राहायचं असतं. हा ताण कुठल्या अहवालात येत नाही. पिल्लं गेल्यावर घरटं उकरून मोजणी करावी लागते. रिकामी कवचं वेगळी, अर्धवट वाढून मेलेली वेगळी. हाताचा वास दिवसभर जात नाही, आणि अख्खं घरटं वाया गेलेलं निघालं की आपलं कुठं चुकलं हा विचारही.

आणि तरी माणसं टिकतात, कारण फळ डोळ्यांसमोर दिसतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये वेळासला काम सुरू केलं, २००६ पासून पिल्लं समुद्रात जाताना बघायचा कासव महोत्सव भरू लागला. आज तिथल्या घरांत पाहुणे राहतात, घरच्या स्वयंपाकाचे पैसे गावात येतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला, नाव ठेवलं प्रथमा. आपल्या वाळूतून गेलेली मादी नकाशावर कुठं पोहते आहे हे दिसणं फार मोठी गोष्ट आहे. पण तेवढ्यावर घर चालत नाही.

पावसाळ्यात जाळ्यात अडकून पर कापलेली कासवं किनाऱ्याला लागतात, तेव्हाही पहिला फोन ह्यालाच जातो. मग मानधन हंगामापुरतंच का? प्रत्येक किनाऱ्यावर दोन माणसं हवीत, आलटून पालटून रात्री झोपता येईल अशी. वर्षभराचं मानधन हवं, विमा हवा. महोत्सवाला येणाऱ्या पैशातून ठरलेला वाटा थेट हॅचरी सांभाळणाऱ्याला मिळायला हवा. ह्या वर्षी बघायला जाल तेव्हा आयोजकांना एवढं विचाराच, तो वाटा किती आहे आणि कधी दिला जातो.