साठ मिली अपमान

परवा शनिवारी शिकागोतल्या एका बारमध्ये मी बिअर एका घोटात संपवली, आणि शेजारच्या माणसाने डोळे मिटून घेतले. कुणी चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यावर पुजारी मिटेल तसे.

आता यात माझं काय चुकलं, मला अजून कळलेलं नाही. समोर आलं ते साठ मिली. त्यांच्या हिशेबात दोन औंस. बिअर म्हणून मागवलेली वस्तू पेगच्या मापात आली तर कोल्हापूरच्या माणसाने तिचं करायचं काय? आपल्याकडे साठ मिलीला लार्ज म्हणतात, आणि सोडा-पाणी घालून तो निदान ग्लासभर दिसतो तरी. इथे तळाला डांबर सांडल्यासारखा काळा थर, कडेला तपकिरी फेसाची एक रेघ, आणि किंमत अकरा डॉलर. त्याआधी दारात माझे पिकलेले केस डोळ्यांनी बघूनही पोरीने वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट मागितला होता, तो राग वेगळाच.

"दाजी, ही अशी प्यायची नसते," मेव्हणा म्हणाला. मी प्यायल्यानंतर.

मेव्हणा शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. तीन आठवडे त्याच्याकडे राहायला आलोय, तर त्याच्या मते दाजींना इथलं खास काही पाजणं भाग होतं. खास म्हणजे बॉर्बनच्या, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेली इम्पीरियल स्टाउट, एक काळी कडक बिअर. चौदा टक्के. आपल्याकडची ‘स्ट्राँग’ लिहिलेली बिअर आठ टक्क्यांवर थांबते आणि तेवढ्यावरही माणसं भावकीतली जुनी भांडणं उकरून काढतात. मेव्हण्याने निमूटपणे माझ्यासाठी दुसरे साठ मिली मागवले. म्हणजे बावीस डॉलर.

तेवढ्यात शेजाऱ्याने डोळे उघडले. छातीपर्यंत दाढी, विणलेली टोपी, समोर एक छोटी वही आणि तिच्यावर तासून टोकदार केलेली पेन्सिल. स्वतःचा ग्लास त्याने दोन्ही तळव्यांत असा धरला होता, जसं घरट्यातून पडलेलं चिमणीचं पिल्लू.

"पहिल्यांदाच?" त्याने विचारलं. एखाद्याला ‘वडील केव्हा गेले?’ म्हणून विचारावं त्या आवाजात.

मी हो म्हटलं.

"घाई करू नकोस. ती अजून गार आहे. बारा-तेरा अंशांवर येऊ दे, मग ती बोलायला लागेल."

मी ग्लास धरून बसलो. बर्फ मागणार होतो, ते गिळलं. ती बोलायला लागेपर्यंत तोच बोलत होता. बॉर्बनला अमेरिकी कायद्याने दर वेळी आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप लागतं. एकदा बॉर्बन काढून घेतली की ते पिंप पुन्हा बॉर्बनला चालत नाही. मग दोनशे लिटरची ती पिंपं स्कॉचवाले नेतात, तिखट सॉसवाले नेतात, बिअरवाले नेतात. शिकागोच्याच गूस आयलंड ब्रुअरीने 1990च्या दशकात जिम बीमची रिकामी पिंपं आणून त्यात स्टाउट मुरवली आणि हे वेड पसरलं. अजूनही दरवर्षी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांची नवी बाटली निघते आणि माणसं थंडीत रांगा लावतात. 2011 मध्ये ही ब्रुअरी बडवायझरवाल्या कंपनीने विकत घेतली, हे सांगताना त्याचा आवाज असा ओला झाला, जशी पोटची पोरगी चुकीच्या घरी दिली.

माझ्या डोक्यात मात्र बरणी होती. लहानपणी आईने एकदा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत साखर भरली. बरणी तीनदा धुतली होती, उन्हात वाळवली होती. तरी दोन महिने आमच्या चहाला हिंग-मेथीचा वास. आम्ही त्या चहाला बॅरल-एज्ड म्हटलं नाही, नुसती बोंब मारली. वडिलांनी तर चहाच सोडतो म्हणून जाहीर केलं होतं. नुसती वही-पेन्सिल घेऊन बसायचं सुचलं असतं तर!

"आता," दाढीवाला म्हणाला, आणि ग्लासात नाक घातलं. घातलं ते काढेना. मी मेव्हण्याकडे बघितलं, तो छताकडे बघत होता. शेवटी नाक वर आलं. पेन्सिल चालली. "लेदर. पाइपची तंबाखू. अंजीर. जुनी लायब्ररी." मग मेव्हण्याकडे वळून, "तुला?"

"लेदर," मेव्हणा म्हणाला.

"येस!" दोघांनी ग्लासाला ग्लास टेकवला. मग माझी पाळी.

मी वास घेतला. खरं सांगतो, मस्करी करायच्या तयारीनेच घेतला. आणि एकदम मामांच्या गुऱ्हाळात जाऊन उभा राहिलो. नोव्हेंबरची पहाट, चुलवाणात चिपाडं धडधडतायत, काहिलीतला रस घट्ट होत आलाय आणि मी पत्र्याचा डबा घेऊन काकवीसाठी उभा. एक घोट घेतला. आधी काकवी, मग करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, कडू कॉफी, मग कुठून तरी सुकं खोबरं, आणि गिळल्यावर नाकातून बाहेर निघणारी दारूची ऊब. चांगली होती हो. तेच तर जास्त झोंबलं.

"काकवी," मी म्हणालो.

"काय?"

मग मी त्याला समजावलं. उसाचा रस लाकडा-चिपाडांच्या जाळावर उघड्या काहिलीत आटवतात, गूळ व्हायच्या जरा आधी काढून घेतात, ती.

"ओह, मोलॅसिस," तो म्हणाला आणि पेन्सिल खाली ठेवली.

मोलॅसिस! म्हणजे मळी. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात खाली उरते ती. आमच्या भागात कारखान्याच्या वाऱ्याला राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, मळीचा वास आणि काकवीचा वास यांत दूध आणि दुधाच्या पिशवीइतका फरक आहे. काकवीत साखर सगळी शाबूत असते. मी हे बोललो. हातवारे करून, काहिलीचा आकार बारच्या टेबलावर बोटाने काढून बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जमेल तुला. जीभ तयार व्हायला वेळ लागतो."

माझी जीभ! मामांच्या गुऱ्हाळावर एक गुळव्या होता. काकवीचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत धरून गोळी वळते का बघायचा, आणि म्हणायचा, "उतरवा." तापमापी नाही, वही नाही. एक मिनिट उशीर झाला तर ढेप काळी आणि भाव खाली, त्यामुळे लायब्ररी-बियब्ररी हुंगायला त्याला सवड नसे. तोंडात पान असताना नुसत्या वासावरून तो सांगायचा की रसात भेंडीचा चीक कमी पडलाय. त्याच्या जिभेला कुणी इंग्रजीत पॅलेट म्हटलं नाही. दिवसाचा रोज मिळायचा.

खोबरं म्हणालो तेव्हा मात्र दाढीवाल्याने मान डोलावली आणि वहीत लिहूनही घेतलं. तो वास ओकच्या लाकडातूनच उतरतो म्हणे. म्हणजे खोबरं चालतं. खोबरं त्यांच्या चॉकलेटात असतं. अंजीर चालतं, ते त्यांच्या बिस्किटात असतं. जे त्यांच्या दुकानात बाटलीत मिळतं त्यालाच चव म्हणायचं, बाकीच्यांनी खांद्यावर हात ठेवून घ्यायचा. आणि लेदर कुणी चाखलंय? मी तर जन्मभर कोल्हापुरी चपला वापरल्या, नवी करकरीत जोडी घरात आल्यावर जो वास सुटतो तो या ग्लासात औषधालाही नव्हता.

बरं, इथवर मी सोडून दिलं असतं. पण दहा मिनिटांनी काउंटरमागची पोरगी आली आणि तिने दाढीवाल्याला विचारलं, कशी वाटली? त्याने ग्लास दिव्यासमोर धरला.

"यात मला एक कच्च्या उसासारखं काहीतरी येतंय. लाकडाच्या जाळावर उघड्यावर आटवलेलं. मोलॅसिस नाही. मोलॅसिसच्या आधीचं."

"वॉव," ती म्हणाली.

मी मेव्हण्याला कोपर मारलं. त्याने हळूच ‘जाऊ दे’ची मान केली. मग बिलाची ती स्क्रीनवाली पाटी आमच्याकडे फिरवली गेली, टिपसाठी वीस, बावीस, पंचवीस टक्के. मेव्हण्याने बावीसवर बोट ठेवलं. निघताना दाढीवाल्याने मला शुभेच्छा दिल्या.

युनियन स्टेशनवर मेट्रा लोकलमध्ये बसेपर्यंत मी बोललो नाही. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता. शेवटी राहवेना.

"तुला खरंच लेदरचा वास आला?"

मेव्हण्याने इकडेतिकडे बघितलं. डब्यात आमच्याशिवाय एक बाई होती, ती झोपली होती.

"दाजी, मला कॉफी आणि दारू सोडून कधीच काही आलेलं नाही. चार वर्षं झाली."

"मग?"

"लेदर म्हणायचं. कुठेही चालतं."