‘एकटं मांजर झुरतं’ म्हणून दुसरं आणू नका

आमच्या सांगलीतल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. सोबत टोपलीतल्या दोन पिल्लांचा फोटो. ‘एकटं मांजर झुरून आजारी पडतं. त्याला जोडीदार आणाच. चार दिवस फिस्कारतील, मग एकाच टोपलीत झोपतील. एकाच्या खर्चात दोघांचं भागतं.’ पाठवणाऱ्यांना बोळातल्या पिल्लांना घर मिळावं असं वाटतं, ते मलाही वाटतं. पण तीन वर्षांपूर्वी मी याच समजुतीवर विसंबून दुसरं मांजर आणलं आणि त्याची किंमत माझ्या पहिल्या मांजरीने, ठमीने मोजली. म्हणून लिहिते आहे.

आधी झुरण्याचं. आपल्या घरच्या मांजराचा मूळपुरुष आफ्रिकेतलं रानमांजर. ते एकट्याने शिकार करतं, कारण उंदराएवढ्या भक्ष्यात वाटेकरी परवडत नाही. मांजरं एकत्र राहतच नाहीत असं नाही. मासळी बाजाराच्या मागे बघा, चांगला कळप दिसेल. पण तिथे खायला मुबलक असतं आणि बहुतेक भाट्या एकमेकींच्या आई-लेकी, बहिणी-बहिणी असतात. म्हणूनच एका वेताची दोन पिल्लं एकदम आणली तर बहुधा छान जमतं. सहा वर्षं घर एकटीने राखलेल्या भाटीला मात्र अनोळखी बोका म्हणजे सोबत नव्हे, घुसखोर.

आणि दिवसाचे बारा-चौदा तास झोपणं हे मांजराचं दुःख नाही, तो त्याचा स्वभाव. खरोखरच मलूल झालं असेल, खाणं सोडलं असेल, तर त्याला जोडीदार नको, डॉक्टर हवा. दात, मूत्रपिंड, काहीही असू शकतं. त्या मजकुरातली मला सगळ्यात धोकादायक वाटणारी गोष्ट हीच आहे: आजाराला एकटेपणा समजून लोक आणखी एक मांजर आणतील.

आता ते ‘चार दिवस’. हरिपूर रस्त्यावर सापडलेला चार महिन्यांचा बंड्या मी संध्याकाळी थेट हॉलमध्ये सोडला. ठमी कपाटावर चढली. पहिल्या रात्री थोडं फिस्कारणं झालं, मग सगळं शांत. आम्ही म्हटलं, जमलं. प्रत्यक्षात बंड्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवा पडून राहायचा आणि ठमीची वाटी, पाणी, वाळूचं घमेलं, सगळं त्या उंबऱ्यापलीकडे. तो नुसता बघायचा. ती दोन पावलं यायची, कान मागे टाकायची आणि परत कपाटावर. मांजरांची भांडणं अशी आवाज न करताही चालतात, हे मला माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी आईच्या पातळाच्या घडीवर लघवी दिसली. मी ठमीला रागावले, ते अजून मनाला लागून आहे. सहाव्या दिवशी बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर गुलाबी थेंब होते.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ताणामुळे मूत्राशयाला सूज आलीय. बोक्यांमध्ये अशाने लघवीचा मार्ग पूर्ण तुंबू शकतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. मग पहिल्यापासून सुरुवात केली. बंड्या मागच्या खोलीत, दार बंद. दोघांच्या अंगाखालची फडकी अदलाबदल. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. मग दार बोटभर उघडं. दोन महिने लागले. आज दोघं एका घरात सुखाने राहतात. एका टोपलीत एकदाही झोपलेली नाहीत, आणि त्यात काही बिघडलेलं नाही.

नवीन मांजर पंधरा दिवस वेगळं ठेवायला आणखी एक कारण आहे. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू. लस न झालेली पिल्लं त्याने पटापट दगावतात आणि तो घरात वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो.

खर्चाबद्दल फार बोलायला नको. लसी दोघांच्या, नसबंदी दोघांची, घमेली मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. सांगलीकरांनी आणखी एक हिशेब करावा. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हा ठमी एकटी होती, तिला एका पिंजऱ्यात घालून मिरजेला बहिणीकडे नेलं. आता दोन पिंजरे, दोन वेगळ्या खोल्या लागतील. बहिणीचं घर दोनच खोल्यांचं आहे.

शेजारच्या काकू परवा एक करडं पिल्लू घेऊन आल्या, ‘तुझ्याकडं दोन आहेतच की गं, तिसरं काय जड?’ म्हणाल्या. मी नाही म्हटलं. ठमी आता नऊ वर्षांची आहे. पिल्लू काकूंच्याच माडीवर आहे, आठ आठवड्यांचं झालंय, पहिली लस मी याच आठवड्यात करून आणणार आहे. त्याची एक बहीणही आहे, पांढऱ्या पायांची. ज्यांच्या घरी सध्या मांजर नाही, त्यांनी दोघांना मिळून न्यावं.