‘जागेवर दहा हजार भरा आणि सुटा’ हा संदेश चुकीचा आहे

ठाण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरतो आहे की, दारू पिऊन गाडी चालवताना नाकाबंदीत सापडल्यास जागेवर दहा हजार भरून सुटता येते आणि यंत्रात फुंकायला नकार दिला तर खटलाच उभा राहत नाही. मोटार वाहन कायद्याची कलमे पाहता या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास कलम १८५ लागू होते. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा गुन्हा कलम २०० मधील तडजोडयोग्य गुन्ह्यांत मोडत नाही. त्यामुळे हेल्मेटच्या चलनासारखा तो पैसे भरून मिटत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावेच लागते.

नकाराचा सल्ला तर अधिकच घातक आहे. फुंकण्यास नकार देणाऱ्याने मद्य घेतल्याचा सबळ संशय असेल, तर पोलीस त्याला कलम २०३ नुसार वॉरंटशिवाय अटक करू शकतात, पोलीस ठाण्यात नेऊन डॉक्टरांकरवी रक्ताचा नमुना मागू शकतात, आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ नुसार न्यायालयात आरोपीच्याच विरुद्ध जाऊ शकतो.

कृपया हा संदेश पुढे पाठवू नका. ज्या गटावर पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.