तो एक्स-रे फॉरवर्ड करू नका

डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तसला एक्स-रे फिरतोय. गुदाशयात अडकलेली बाटली, आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मी सर्जन आहे, आणि हे बघून माझं डोकं फिरतं.

लोक हसतील ही भीतीच पेशंटला घरी बसवते. तो रात्रभर वाट बघतो, जुलाबाचं औषध घेतो, हाताशी येईल ते घालून स्वतःच काढायला जातो. वस्तू आणखी वर सरकते, अस्तर फाटतं. गुदाशय जेमतेम १२ ते १५ सेंटीमीटरचा. त्याच्या वरच्या भागाला भोक पडलं की मळ थेट पोटाच्या पोकळीत. मग ताप, धावती नाडी, लाकडासारखं कडक पोट.

खरं तर भोक पडण्याआधी आलेल्या बहुतेकांचं पोट उघडावंच लागत नाही. मणक्यात भूल दिली की गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो, वस्तू खालूनच निघते. बाटली ओढायला गेलं की तिच्या वर निर्वात पोकळी होते आणि ती सोडत नाही. तेव्हा लघवीची साधी नळी बाटलीच्या कडेने वर सरकवायची, तिच्यातून हवा सोडायची. पकड सुटते. मग नळीच्या टोकाशी असलेला छोटा फुगा फुगवून बाटलीसकट हळूच खाली आणायचं. शेवटी दुर्बिणीने अस्तर तपासायचं, कारण जखम तिथेच लपते.

भोक पडलं असेल तर पोट उघडा, धुवा, भोक शिवा किंवा आतड्याचा तेवढा भाग काढा. बऱ्याचदा पोटावर शौचाची पिशवी येते आणि ती बंद करायला काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन. एवढं सगळं निव्वळ लाजेपायी!

“घसरून पडलो” असं बरेच जण सांगतात. सांगू देत. मला कारण नको. काय आहे, कधीपासून आहे, काचेचं किंवा धारदार आहे का, एवढं कळलं की पुरे. मात्र नातेवाइकांना बाहेर पाठवून एक प्रश्न मी विचारतोच: कुणी जबरदस्ती केली का? काहींवर खरोखर अत्याचार झालेला असतो. इमोजी टाकणाऱ्यांनी तो एक्स-रे कुणाचा होता, हे कधी विचारलंय?

असं कुणाचं झालंच, तर जुलाब नको, एनिमा नको, काढायचा प्रयत्न नको. काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते. जिथे सर्जन आहे त्या कॅज्युअल्टीत सरळ जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.