चादरीवरून कुडल

मे महिन्यात अलिबागचा माणूस सोलापुरात आला की पहिले दोन दिवस तो फक्त "बाप रे" एवढंच बोलतो. तिसऱ्या दिवशी वाचा फुटते आणि मग तो समुद्राबद्दल बोलतो. आमच्या साडूभाऊंना तिसऱ्या दिवशी सकाळी वाचा फुटली. कोरड्या नळाकडं बघून म्हणाले, "पाचव्या दिवशी पाणी? आमच्याकडं दारात समुद्र!"

समुद्राचं पाणी काय तुम्ही वरणात घालता का, असं ओठांवर आलं होतं. पण साडू पडले. म्हटलं, "चला, दोन नद्या एकदम दाखवतो. हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेचा संगम. चाळीसेक किलोमीटर."

"कुडाळ?" मेहुणी हरखली. "मग मालवणपण करू या!"

तिला कुडाळ आणि कुडल यांतला एका काना-ळचा आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या रुंदीचा फरक समजावेपर्यंत साडूंनी फोनवर 'कुडल संगम' शोधलं. नकाशानं त्यांना थेट कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात नेलं, बसवेश्वरांच्या कूडलसंगमाला. तिथंही संगमच, पण कृष्णा आणि मलप्रभेचा. साडू गंभीर झाले. "चाळीस किलोमीटरला तीन तासांच्या वर? इतके वाईट रस्ते?"

सकाळी सहाला निघायचं होतं, दहाला निघालो. त्याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत. बायकोनं कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदे आणि बसायला दोन सोलापुरी चादरी घेतल्या. "एवढ्या उन्हात चादरी?" असं मी विचारलं होतं, याची तिनं नंतर दिवसभर आठवण करून दिली. विजापूर रोडनं मंद्रूपच्या पुढं आत वळलो. फाट्यावर एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, "जावा की सरळ. पण ह्या उन्हाचं?" हा प्रश्न आम्ही काच वर करून टाळला.

संगमावर पोचलो. नद्या दोन होत्या, पाणी मिळून एकीचं. पलीकडचा काठ कर्नाटकाचा, तोही तितकाच तापलेला. साडूंनी बराच वेळ पाहिलं. "पाणी कधी येतं?"

"वर उजनीतून सोडलं की येतं."

"म्हणजे हा पण नळच की हो."

मी विषय बदलला. तसा माझा हुकमाचा पत्ता बाकी होता. संगमेश्वर मंदिराच्या सभामंडपात तुळईवर एक शिलालेख आहे. शके 940, म्हणजे 1018 सालचा. मराठीतल्या आद्य लेखांत त्याचं नाव घेतात. हे मी छाती फुगवून सांगितलं आणि इथंच चुकलो. अलिबागपासून हाकेच्या अंतरावर आक्षी आहे, हे मी विसरलो होतो.

"आक्षीचा शके 934 चा," साडू म्हणाले. "सहा वर्षांनी मोठा."

"त्या सालाबद्दल अभ्यासकांत वाद आहे."

"वाद नेहमी मोठ्याशीच घालतात."

असे भांडत भांडत आम्ही पायऱ्यांशी आलो, चपला काढल्या आणि पहिलं पाऊल फरशीवर टाकलं. साडू जागच्या जागी इतके उंच उडाले की मला वाटलं, त्यांना वरूनच लेख वाचायचाय. काळा दगड, दुपारचे बारा, सोलापूरचा मे. तव्यावर भाकरी टाकली की ती एका बाजूनं तरी शांत पडते; आम्ही दोन्ही पाय आळीपाळीनं भाजून घेत होतो. माझा भाचा मोज्यांत होता, त्यामुळं तो लांब उभा राहून आमचा व्हिडिओ काढत होता.

तेव्हा बायको चादरी घेऊन आली. एक पसरली. आम्ही चौघं तिच्यावर दाटीवाटीनं उभे राहिलो, तिनं दुसरी पुढं पसरली. आम्ही दुसरीवर. मागची उचलून पुढं. पुन्हा उडी. जीआय मानांकन मिळालेली जाड, सुती, मोरांची चादर. तिच्या मोरांवर पाय ठेवत आम्ही हजार वर्षांच्या देवळात शिरलो. एक गुराखी झाडाखाली बसून हे बघत होता. त्यानं विडी विझवली, बहुधा हसताना पडू नये म्हणून.

आतला गारवा मात्र अंगावर ओल्या पंचासारखा पडला. तिथून तसंच चादरीचादरीनं शेजारच्या हरिहरेश्वराकडं गेलो. हे देऊळ मातीखाली दडलं होतं, 1999 च्या उत्खननात वर आलं. तिथलं बहुमुखी शिवलिंग बघताना मात्र कुणी बोललं नाही. ओळीवर ओळ, चेहऱ्यावर चेहरा. 359 मुखं आहेत म्हणतात, आणि लिंग स्वतः धरून 360. भाचा मोजायला बसला. सत्तेचाळीसला मेहुणीनं पाणी मागितलं, तो चुकला. पुन्हा एकपासून. एकशेबाराला मी शिंकलो. त्यानंतर तो माझ्याशी घरी येईपर्यंत बोलला नाही.

परत संगमेश्वरात आलो. शिलालेखाचा शेवट मला पाठ होता: 'वाछि तो विजेया होइवा'. वाचील तो विजयी होईल. साडूंच्या डोळ्यांत चमक आली. "पाठ करणं म्हणजे वाचणं नव्हे," म्हणाले. मग मान मागं टाकून, फोनचा टॉर्च लावून ते तुळईखाली उभे राहिले. अक्षरं बारीक, झिजलेली. 'व' सापडला तर 'छ' हरवे. वीस मिनिटं गेली. बायका आणि भाचा कंटाळून बाहेर गेले. मलाही कडक भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू आला, मग मीही हळूच निघालो. लिंबाखाली चादरी अंथरून सगळे बसले होते. दही-चटणीत भाकरीचा पहिला तुकडा भिजतोय तोच देवळातून आरोळी आली.

"वाचलं! होइवा! मी वाचलं!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. साडू विजयी मुद्रेनं उंबऱ्यापर्यंत आले, एक पाय बाहेर टाकला आणि तसाच आत घेतला.

"चादर!" ते ओरडले. "अहो, चादर आणा की!"

"दह्याचं भांडं आहे दाजी तिच्यावर," बायको म्हणाली. "एवढं आवरू दे. तोवर अजून एकदा वाचा."