ड्रॅगोनाइटला जॉलीच द्या

पोकेमॉन गेमवरच्या लेखात ड्रॅगोनाइट या पोकेमॉनला अॅडमंट नेचर (हल्ला वाढवणारा स्वभाव) द्या म्हटलंय, ते पटलं नाही; वेग वाढवणारा जॉलीच हवा. लेव्हल १००, वेगात पूर्ण २५२ ईव्ही (सरावाचे गुण), वर एक ड्रॅगन डान्स (हल्ला अन् वेग दीडपट करणारी चाल): अॅडमंटचा वेग होतो ३८८, जॉलीचा ४२६. अन् समोर पूर्ण वेगाचा ड्रॅगापल्ट हा पोकेमॉन असला तर त्याचा ४२१! रविवारी धरमपेठेत मित्राकडे हातातली मॅच याच फरकाने गेली, तर्री-पोहे तसेच थंड झाले.

स्टेल्थ रॉकचं, म्हणजे समोरच्याने आपल्या बाजूला पेरलेल्या टोकदार दगडांचं, तर लेखात नावच नाही. ड्रॅगोनाइट त्यांच्यावर उतरताच पाव एचपी (जीव) जातो, आणि मल्टिस्केल, म्हणजे लागणारा मार निम्मा करणारी त्याची क्षमता, पूर्ण एचपी असतानाच चालतं. त्या दगडांपासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स द्याच. अन् त्याला मैदानात उतरवायची घाई नका करू बाप्पा, आधी बाकीच्या गड्यांना समोरची भिंत, म्हणजे मार झेलणारे पोकेमॉन, पोखरू द्या.