आबाजीचा बेलचा

परवा रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर येऊन पडला. ‘भारतातली एकमेव रेल्वे, जी आजही इंग्रजांच्या मालकीची! दरवर्षी आपण त्यांना कोटीच्या वर रुपये मोजतो!’ खाली आमच्या वऱ्हाडातली ‘शकुंतला’ गाडी म्हणून लावलेला फोटो चक्क दार्जिलिंगच्या गाडीचा. मी उत्तर लिहायला घेतो न घेतो तोच अमरावतीहून भाऊंचं उत्तर आलंसुद्धा. भाऊ म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. “विका भंगारात. गुलामीची निशानी कायले ठेवाची?”

मी लांबलचक लिहिलं. ज्या कंपनीच्या नावानं हा ओरडा चालतो ती किलिक निक्सन मूळची मुंबईत स्थापन झालेली, स्वातंत्र्यानंतर ती भारतीय हातांत गेली, हे लिहिलं. तो रूळ आपल्या लोकांनी टाकला, गाडी आपल्या लोकांनी चालवली, हेही लिहिलं. त्यावर भाऊंनी एकच ओळ टाकली: “तुले तिथं गोऱ्यायच्या देशात बसून कायचं दुखते?”

ती ओळ चार दिवस माझ्याबरोबर व्हॅनमध्ये फिरते आहे.

माझं काम हॉस्पिटलांतल्या ऑटोक्लेव्हच्या देखभालीचं. शस्त्रक्रियेची अवजारं वाफेवर निर्जंतुक करणारी ही यंत्रं. घर मँचेस्टरजवळ बोल्टनला, पण आज प्रेस्टन, उद्या स्टॉकपोर्ट, परवा शेफिल्ड असं सगळं आयुष्य रस्त्यावर जातं. बरोबरचे लोक गाडीत फुटबॉल ऐकतात. माझं लक्ष रस्त्याच्या कडेला असतं. कुठे झाडीतून वर आलेली कमान, कुठे रूळ उखडल्यावर उरलेला सरळसोट भराव, कुठे मिलच्या अंगणात उभं केलेलं एखादं चाक. ही नजर मी इंग्लंडमध्ये कमावलेली नाही. ती कारंज्याहून बरोबर आणली आहे. आमचे आजोबा, आबाजी, मूर्तिजापूरच्या इंजिनशेडमध्ये फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारे.

आता भाऊंना माझं म्हणणं असं, की इथे जुन्याला वाट करून देतात. स्टॉकपोर्टचा पूल घ्या. १८४० साली पुरा झाला. २७ कमानी, एक कोटीच्या वर विटा, नदीच्या पात्रापासून १११ फूट उंची. मोटरवे करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पूल पाडला नाही, दोन कमानींतून रस्ता काढला. आज एम ६० वरून मी ताशी पन्नास मैलांनी त्या कमानीखालून जातो आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यावरून लंडनची गाडी जात असते. पावसात त्या विटा काळ्याजांभळ्या दिसतात. खाली गर्दी असली आणि गाड्या थांबल्या, की मी काच खाली करून वर बघतो. एकेक वीट हातानं लावलेली दिसते.

आणि आपल्याकडे? लोणावळ्याजवळचा अमृतांजन पूल. १८३०चा. एक्स्प्रेसवेच्या मध्ये येतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. त्याचा व्हिडिओ मी बोल्टनच्या स्वयंपाकघरात पाहिला. दगड धुळीत बसले आणि माझ्या पोटात कालवलं. मुंबईचा कर्नाक पूल १८६८चा, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला. त्याच्या जागी नवा पूल झाला, त्याचं नावही बदललं. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भाऊंनी लिहिलं, “त्या पुलाखाली ट्राफिक जाम व्हायची तवा तू होता काय तिथं?”

नव्हतो. पण वाटेत आलं की पाडायचं, ही घाई मला पटत नाही. नव्याण्णव टक्के वेळा दुसरा मार्ग कुणी शोधलेलाच नसतो.

मग त्या मालकीच्या भांडणाकडे यायला हवं, कारण खरा राग तिथे आहे. शकुंतला ही नॅरोगेज गाडी, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर. एक फाटा मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला. सगळा मिळून जवळपास १९० किलोमीटरचा रूळ. तिचं झेडी जातीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं, १९२३ पासून वऱ्हाडात धावलं आणि १५ एप्रिल १९९४ला त्याच्या जागी डिझेल आलं. सत्तर वर्षं! फॉरवर्डमध्ये हे येतं, पण ‘बघा, इंग्रजांचं इंजिन’ असं म्हणायला. त्या सत्तर वर्षांत त्याच्या तोंडात कोळसा कोणी घातला, बॉयलरच्या ट्यूबा कोणी साफ केल्या, रात्री कारंज्याच्या थंडीत ॲक्सलबॉक्सला तेल कोणी दिलं, याची एक ओळ त्यात नसते.

आणि ‘सगळा कापूस मँचेस्टरला गेला’ हेही अर्धं खरं. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस यायचा बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपला नाइलाजानं घेतला. शकुंतला धावायला लागली त्या काळात आपला कापूस मुंबईच्या गिरण्यांना आणि जपानला मोठ्या प्रमाणावर जात होता. बोल्टनच्या मिला बारीक सूत काढायच्या, त्यांना इजिप्तचा लांब धागा लागायचा. माझ्या घरासमोर लाल विटांची सहा मजली मिल आहे, आता तिच्यात गोदामं आहेत. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी तिच्याकडे बघून स्वतःशी म्हणायचो, आमचाच कापूस. तो आमचा नसावा हे नंतर वाचून कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. लुटीचा का होईना, इथल्या भिंतींशी एक धागा जुळत होता, तोही तुटला.

इंजिनाचा धागा मात्र खरा आहे. १९२१ साली मँचेस्टरच्या आसपास इंजिनं घडवणारे मोठे कारखाने चालू होते. गॉर्टनला बेयर पीकॉक, पॅट्रिक्रॉफ्टला नॅस्मिथ विल्सन. पॅट्रिक्रॉफ्टचा कारखाना जेम्स नॅस्मिथचा. वाफेचा घण त्याचा. त्या घणाची गंमत अशी सांगतात, की वाइनच्या पेल्यात ठेवलेल्या अंड्याचं टरफल तो नुसतं तडकवायचा, पेल्याला धक्का न लावता, आणि पुढच्याच घावाला इमारत हलवायचा. नॅस्मिथ विल्सनचा असा एक घण बोल्टनमध्ये डीन रोडला युनिव्हर्सिटीच्या आवारात उभा आहे. वाफेचा सिलिंडर वर, दोन पाय फाकवून जमिनीवर रोवलेले. हॉस्पिटलच्या वाटेवर मला तो दिसतो. पोरं त्याच्या पायाशी बसून ग्रेग्ज बेकरीचे रोल खातात. गेल्या मार्चमध्ये मी व्हॅन लावून त्याच्याजवळ गेलो आणि त्या पायावर हात ठेवला. ओतीव लोखंड गार होतं, रंगाचे थर एकावर एक चढून कडा गोल झाल्या होत्या. मला आबाजींचा हात आठवला. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, गुळगुळीत, बिनकेसाचे. फायरबॉक्सचं दार उघडलं की ज्वाळ आधी तिथे लागायची. लहानपणी मी त्या डागांवरून बोट फिरवत असे आणि ते म्हणत, “हे कारंजा, हे दारव्हा, हे यवतमाळ.”

भाऊंना मी जे लिहिलं नाही ते इथे लिहितो. इंग्लंडनंही पाडलं आहे, भरपूर पाडलं आहे. एम ६ वरून न्यूटन-ल-विलोजला वळलं की व्हल्कन फाउंड्रीची जागा लागते. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली तिची इंजिनं या कारखान्यातली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठ्या अपेक्षेनं गेलो होतो. कारखाना नाहीच. त्या जमिनीवर नवी घरं, प्रत्येकापुढे गाडी, एक मुलगा ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होता. कामगारांची जुनी वस्ती तेवढी शेजारी उरली आहे. जवळच सँकीचा नऊ कमानींचा पूल आहे, १८३०चा, त्यावरून आजही गाड्या जातात. भाऊंना फोटो पाठवताना मी फक्त पुलाचा पाठवला.

शेफिल्डला जाताना ए ६२८वरून वुडहेडची खिंड लागते. तिथून जाणाऱ्या जुन्या रेल्वेला १५०० व्होल्ट डीसी वीज होती, आपल्या बोरघाटावर आणि मुंबईच्या लोकलवर होती तीच पद्धत. बोरघाटातल्या जुन्या ‘खेकडा’ इंजिनांची विजेची यंत्रणा मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. वुडहेडची लाइन १९५४ साली नव्या बोगद्यासकट थाटात सुरू केली आणि १९८१ साली बंद केली. सत्तावीस वर्षांत! आता त्या बोगद्यातून विजेच्या केबल जातात. आपल्याकडे तोच डीसी प्रवाह मुंबईनं २०१६पर्यंत चालवला. ही तुलना आपल्या बाजूची आहे, पण रागाच्या भरात मला ती सुचली नाही.

फरक एकच सांगतो, आणि त्यावर मी ठाम आहे. इथे यंत्र चालवणाऱ्या माणसाला विचारतात. बरी नावाच्या गावात ईस्ट लँकेशायर रेल्वे आहे, जुनी वाफेची इंजिनं जपून चालवणारी; तिथे मी बँक हॉलिडेला जातो. सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त, हात तेलानं काळे. एकदा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या फायरमनला सांगितलं, की माझे आजोबा मँचेस्टरमध्ये बनलेल्या इंजिनावर फायरमन होते. मला वाटलं, तो ‘व्हेरी नाइस’ म्हणून वळेल. त्यानं हातातलं फडकं ठेवलं आणि विचारलं, कोळसा कुठला वापरायचे? राख किती व्हायची? चढावर आग पुढे पसरायचे की दाराशी राखायचे? मला यातलं एकही उत्तर येत नव्हतं. मी आबाजींना कधी विचारलंच नव्हतं. आमच्या घरात कुणीच नाही. त्यांच्या नोकरीचं आम्हाला एवढंच माहीत, की पेन्शन वेळेवर येत होती.

आणि शकुंतला चालू होती तेव्हा मी तिच्यात किती वेळा बसलो? यवतमाळला मावशीकडे जायला एसटी लवकर पोहोचवायची, आम्ही एसटीनं जायचो. १९९४च्या एप्रिलमध्ये वाफेचं इंजिन थांबलं तेव्हा मी अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये होतो, दोन तासांच्या अंतरावर. आबाजी एकटे मूर्तिजापूरला जाऊन आले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं आई पुढे कधीतरी सांगत होती. मला परीक्षा होती, असं मी आजवर सांगत आलो. परीक्षा मे महिन्यात होती.

गेल्या दिवाळीत घरी गेलो. नागपूरला भाऊ घ्यायला आले होते, समृद्धीवरून कारंज्यापर्यंत गाडी हवेसारखी आली. मी म्हटलं, दारव्ह्याच्या रस्त्याला थोडं जाऊ. एका ठिकाणी गवतात रूळ दिसला. उतरलो. बाभळी मधोमध उगवलेल्या, एका बाजूला कपाशी फुटलेली. मी रुळाच्या पोटावरचा गंज चपलेनं घासला, मग बोटानं. उठावाची अक्षरं वर आली. ‘स्टील’ एवढं लागलं, मग १ आणि ९, पुढचं गंजानं खाल्लेलं. मी फोटो काढत होतो, आणि भाऊ पलीकडे उभे राहून म्हणाले, “इथं फाटक होतं. आबाजी गाडी थांबवून उतरत. फाटक लावत, गाडी काढत, मंग पुन्हा उघडून चढत. मी शाळेतून येताना पाह्यलं आहे. मले हात करत.”

मला हे माहीत नव्हतं. मी एवढे पूल पालथे घातले, आणि ज्या फाटकात आमच्या माणसाचा हात लागत होता ते मला भाऊंनी दाखवलं. जे भंगारात विका म्हणतात त्यांनी.

भाऊंची मुलगी यवतमाळला नोकरीला आहे, रोज बसनं जाते-येते, पावसाळ्यात दोनदोन तास लागतात. त्यांना ब्रॉडगेज हवी आहे. ती व्हावी, लवकर व्हावी. त्यासाठी जुना रूळ काढावा लागला तर लागला. पण एक इंजिन, एक डबा आणि त्या माणसांची नावं लिहिलेला एक फलक मूर्तिजापुरात राहायलाच हवा. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, ते चांगलंच आहे. पण मूर्तिजापूरच्या माणसांची नावं मूर्तिजापुरात हवीत.

त्या दिवशी अमरावतीला भाऊंच्या घरी जेवलो. माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, आबाजींचा कोळसा घालायचा बेलचा होता. निवृत्तीच्या दिवशी शेडमधल्या सोबत्यांनी दिलेला. पातं झिजून एका बाजूला तिरकं झालेलं, दांडा हातानं गुळगुळीत. याच बेलच्यावर ते ड्यूटीवर वांगी भाजत आणि भरीत करत, हेही भाऊंनीच सांगितलं. मी म्हटलं, “भाऊ, मला द्या. बरीला नेतो. तिथे काचेच्या कपाटात ठेवतील, खाली आबाजींचं नाव लिहितील.” मला खरंच वाटत होतं, की यापेक्षा चांगली जागा त्याला मिळणार नाही.

भाऊंनी तो माझ्या हातातून घेतला, फडक्यानं पुसला आणि परत माळ्यावर सरकवला.

“नाही,” ते म्हणाले. “हा कुठं नाही जात. तुले पाहाचा असन तर इथं येत जा.”